ड्रोनचे फोटो दाखवायचे कुणाला? ऑनलाइन गट शोधणाऱ्या नवशिक्यांसाठी

ड्रोन हातात आला की पहिले काही आठवडे नुसतं उडवण्यात जातात. मग कधीतरी कार्ड भरतं, त्यातले चार-दोन फोटो खरंच जमलेले असतात आणि ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात. मावशी 'खूप छान' लिहिते, भाऊ अंगठा देतो आणि विषय संपतो. घरच्यांचं कौतुक हवंच. पण क्षितिज डावीकडे कललंय, नदी फ्रेमच्या बरोब्बर मधून गेल्याने चित्राचे दोन तुकडे पडलेत, भर दुपारच्या उन्हात शेतांचे बांध सपाट झालेत, हे सांगणारं माणूस घरात सहसा नसतं. ते बाहेर शोधावं लागतं.

फोटो टाकायला जागा हव्या तेवढ्या आहेत. फोटो बघून बोलणारी माणसं असलेल्या जागा कमी. म्हणून गट निवडताना सभासदांचा आकडा नंतर बघा, आधी फोटोंखालचं बोलणं वाचा. पुढे जे काही सांगतोय ते सगळं याच कसोटीभोवती आहे.

आधी ठरवा, दाखवून काय हवंय

कुणाला रचना आणि प्रकाश शिकायचा असतो. कुणाला आपल्या गावाची, किल्ल्याची, खाडीची नोंद राहावी असं वाटतं. कुणाला सोबत उडवायला जवळपासची माणसं हवी असतात, तर कुणाला बॅटरी फुगली किंवा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) थरथरतोय म्हणून सल्ला हवा असतो. या चारही गोष्टी एका ठिकाणी मिळत नाहीत. दुरुस्तीचं बोलणाऱ्या गटात सूर्यास्ताचा फोटो टाकला तर कुणी ढुंकून बघणार नाही, आणि निसर्गफोटोंच्या गटात कंपासच्या कॅलिब्रेशनबद्दल विचारलं तरी तीच गत. आपली गरज एका ओळीत कागदावर लिहा, म्हणजे निम्मे गट आपोआप गळतील.

एफपीव्ही म्हणजे गॉगल लावून उडवायच्या वेगवान ड्रोनची दुनिया वेगळी आहे. तिथली मंडळी मोटर, फ्रेम, सोल्डरिंग आणि व्हिडिओ यांत रमलेली असतात. गटाच्या नावात ड्रोन आहे म्हणून तिथे स्थिरचित्रांची चर्चा होत असेल असं धरून चालू नका.

फोटो टाकण्याआधी उड्डाण तपासा

ही पायरी बरेच जण गाळतात. ड्रोनचा फोटो सार्वजनिक केला की तुम्ही कुठे, कधी आणि साधारण किती उंचीवर उडवलं याचा पुरावाच जगासमोर ठेवलेला असतो. चांगल्या गटात पहिला प्रश्न 'परवानगी होती का' हाच येतो आणि तो यायलाच हवा.

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत आणि २०२२ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो, त्यापुढे दोन किलोपर्यंतचा मायक्रो गटात. नॅनोसाठी आणि हौसेखातर उडवलेल्या मायक्रोसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन मायक्रो उडवायचा असेल तर लागतं. ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घेणं हा भाग वेगळा, प्रमाणपत्राची सूट मिळाली म्हणून नोंदणीचीही मिळाली असं समजू नका. आकाशाचे तीन रंग आहेत. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट होते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उड्डाणाच्या दिवशी पुन्हा उघडा, कारण एखादं क्षेत्र तात्पुरतं लाल होऊ शकतं. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. नकाशा हिरवा दिसला तरी स्थानिक आदेश लागू असतोच.

महाराष्ट्र-गोव्यातल्या काही जागा नवशिक्याला हमखास भुलवतात. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळही आहे. सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी लागते. लोणावळ्यात नौदलाची संस्था आहे, मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि दाभोळीच्या विमानतळावर नौदलाचा तळ. या भागांत 'आजूबाजूला कुणीच नव्हतं' हे उत्तर कामाचं नाही.

किल्ल्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी माणसाने ड्रोन घेतला की त्याच्या मनात पहिल्यांदा किल्लाच येतो. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. यांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे येतात. म्हणजे परवानगीचा अर्ज कुणाकडे करायचा हे किल्ल्यागणिक बदलतं. अर्ज केला की लगेच परवानगी हातात पडेल अशी अपेक्षा नको. मिळाली तर तिची प्रत फोनमध्ये ठेवा आणि फोटोसोबत तसा उल्लेख करा. त्या एका ओळीमुळे गटातल्या जाणत्यांचा तुमच्याकडे बघण्याचा रोख बदलतो.

अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन न्यायचाच नाही. पक्ष्यांच्या थव्यावर, विशेषतः रोहितांवर (फ्लेमिंगो) आणि घरट्यांच्या वसाहतींवर, ड्रोन नेलेला फोटो कितीही देखणा असो, तो टाकू नका. आणि सह्याद्रीतल्या कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात. प्रोपेलरच्या घोंघाटाने एखादं उठलं तर तुम्ही सुरक्षित अंतरावर असाल, पण कड्याखालून चढणाऱ्या ट्रेकरला पळायला जागा नसते. कड्याजवळून घेतलेल्या 'थरारक' फोटोंना टाळ्या वाजवणाऱ्या गटांपासून मी याच कारणासाठी लांब राहतो.

फोटोची तयारी

एका उड्डाणातले तीस फोटो टाकू नका. एक टाका, फार तर तीन. गटात लोकांकडे तुमच्यासाठी अर्धा मिनिट असतो आणि तीस फोटोंत तो वाया जातो. निवड जमत नसेल तर सगळे फोटो फोनवर अगदी लहान आकारात शेजारी शेजारी लावून बघा. लहान असतानाही जो ओळखू येतो, ज्यातली रेषा किंवा आकार लगेच पकडतो, तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

क्षितिज सरळ करा. फाइल एसआरजीबी या बहुतेक स्क्रीनना चालणाऱ्या रंगपद्धतीत निर्यात करा, नाहीतर दुसऱ्याच्या स्क्रीनवर रंग मेलेले दिसतात. हिरवा रंग कमी ओढा. पावसाळ्यातला सह्याद्री मुळातच इतका हिरवा असतो की सॅच्युरेशनची पट्टी थोडी सरकवली तरी डोंगर प्लास्टिकचे वाटायला लागतात. ड्रोनमध्ये डीएनजी म्हणजे रॉ फाइलची सोय असेल तर तीही जपून ठेवा, कुणी चांगली सूचना केली तर परत संस्करण करता येतं.

आता फाइलच्या पोटात दडलेल्या माहितीबद्दल. ड्रोनच्या फोटोत शटर, आयएसओ, वेळ यांच्याबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती जशीच्या तशी पोचते. फ्लिकर आणि विकिमीडिया कॉमन्स ही फोटो ठेवायची संकेतस्थळं (दोन्हींबद्दल पुढे येईल) ही माहिती राखतात. किल्ल्याच्या फोटोत अचूक ठिकाण असणं उपकारक आहे. पण तुमच्या घराच्या गच्चीवरून केलेल्या पहिल्या उड्डाणाच्या फोटोत ते नसलेलं बरं. घराचे फोटो टाकण्याआधी ठिकाणाची नोंद पुसा.

मराठीतली ठिकाणं

सुरुवात मराठीत करा असं मी आग्रहाने सांगेन. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे आणि तिथे प्रकाशचित्रांसाठी वेगळी जागा आहे. मिसळपाव या दुसऱ्या मराठी संकेतस्थळावर 'कलादालन' आणि 'भटकंती' हे विभाग आहेत. दोन्हींकडे नुसता फोटो टाकून निघून जाणं शोभत नाही, दोन परिच्छेद लिहायची रीत आहे. ही रीत नवशिक्याच्या फायद्याची आहे, कारण लिहायला बसलं की आपण तो फोटो का काढला हे आधी आपल्यालाच कळतं.

शिवाय इथे पुण्या-नाशिकच्या लोकांबरोबर न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये राहणारे वाचक असतात. आपल्या गावची नदी वरून कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. त्यांच्या प्रतिक्रियांत तंत्राचं बोलणं थोडं असेल, पण 'त्या वळणावर आमची भावकीची जमीन होती, तिथे आता बंधारा झालाय का?' असा प्रश्न जगातल्या कुठल्याही ड्रोन गटात तुम्हाला कुणी विचारणार नाही.

फेसबुक, व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम

फेसबुकवर शोधताना नुसतं 'ड्रोन' टाकलं तर विक्रीच्या गटांचा पूर येतो. शोध अरुंद करा: 'ड्रोन' बरोबर जिल्ह्याचं नाव, 'सह्याद्री', 'कोकण', 'एरियल फोटोग्राफी' असं जोडून बघा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत शोधा, निकाल वेगवेगळे येतात. किल्ले आणि ट्रेकिंगच्या जुन्या गटांतही ड्रोनवाले असतात आणि तिथे तुमचा फोटो जागा ओळखणाऱ्यांच्या नजरेखालून जातो. गटाचे नियम वाचल्याशिवाय सामील होऊ नका. नियमच लिहिलेले नसतील तर तो गट कुणी सांभाळत नाही असं समजा.

व्हॉट्सॲपचे गट शोधून सापडत नाहीत, कुणीतरी घ्यावं लागतं. फेसबुकवर किंवा एखाद्या कार्यशाळेत ओळख झाली की आमंत्रण येतं. जवळपास उडवणाऱ्यांचा लहानसा गट मिळाला तर तो सोन्यासारखा आहे: आज वारा किती, अमुक धरणावर नवीन मनाई फलक लागलाय का, घारी फार अंगावर येतायत का, ही माहिती तिथेच मिळते. मात्र फोटो पारखून घ्यायला व्हॉट्सॲप वाईट आहे. फोटो दाबला जातो आणि चर्चा तासाभरात वर निघून जाते. टेलिग्रामवर फाइल म्हणून पाठवला तर फोटो मूळ दर्जात पोचतो आणि जुनी चर्चा शोधणंही सोपं जातं.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम फोन नंबरवर चालतात, एवढं लक्षात ठेवा. अनोळखी गटात शिरलात की तुमचा नंबरही शेकडो जणांसमोर जाऊ शकतो.

इन्स्टाग्राम दाखवण्यासाठी ठीक आहे. शिकण्यासाठी मी तिथे कुणाला पाठवणार नाही. एक गोष्ट सांभाळा: ड्रोनचा फोटो बहुधा आडवा चार बाय तीनचा असतो आणि तिथे उभ्या फोटोला जास्त जागा मिळते. तसा कापायचा असेल तर उडवतानाच बाजूला मोकळी जागा ठेवून एक जादा फ्रेम घ्या. मोठमोठी पेजं 'फीचर' करण्यासाठी पैसे मागतात, ते देऊ नका.

रेडिट, फ्लिकर, स्कायपिक्सेल

इंग्रजी वाचायला अडचण नसेल तर रेडिट या चर्चास्थळावर 'ड्रोन्स' आणि 'डीजेआय' (ड्रोन बनवणारी चिनी कंपनी) या नावांचे मोठे गट आहेत. तांत्रिक प्रश्नांना तिथे लवकर उत्तर मिळतं. फोटोवर गंभीर मत हवं असेल तर 'फोटोक्रिटीक' हा गट बघा. तिथे फोटो टाकणाऱ्याने स्वतः खाली लिहायचं असतं की त्याला काय साधायचं होतं आणि कशाबद्दल मत हवंय. या एका अटीमुळे चर्चेचा दर्जा टिकतो.

रेडिटवरच्या उत्तरांत एक खाच आहे. उत्तर देणारे बरेच अमेरिकन असतात आणि ते अमेरिकन विमान प्रशासनाच्या नियमांवरून बोलतात. २५० ग्रॅमखाली हौशी माणसाला नोंदणी लागत नाही, नॅशनल पार्कमध्ये बंदी आहे वगैरे. ते तिथे खरं आहे, इथे त्याचा आधार घेऊ नका. उलट, तुम्ही स्वतः अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहत असाल तर तिथलेच नियम पाळायचे. ब्रिटनमध्ये २०२६ पासून १०० ग्रॅमपासूनच्या ड्रोनसाठीही फ्लायर आयडी, म्हणजे उडवणाऱ्याचा ओळख क्रमांक, लागतो. खरेदीच्या सल्ल्याचंही तसंच. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद ठेवले. त्यामुळे 'अमुक नवीन मॉडेल घे' हा सल्ला इथे सरळ लागू पडत नाही. परदेशातून येणाऱ्या भावोजींना 'येताना घेऊन या' म्हणण्याआधी याचा विचार करा.

फ्लिकर २००४ पासून आहे. आता तिथे पूर्वीची गर्दी नाही आणि म्हणूनच मला ते आवडतं. जे उरलेत ते फोटोसाठी उरलेत. मोफत खात्यावर हजार फोटो ठेवता येतात. हवाई छायाचित्रांचे विषयवार गट आहेत, काही ठिकाणी 'एक फोटो टाका, दोघांच्या फोटोंवर लिहा' असा नियम असतो. असा नियम दिसला की डोळे मिटून सामील व्हा. बऱ्याच फोटोंखाली शटर, आयएसओ, लेन्स दिसत असल्याने दुसऱ्याने तो कसा काढला हे नुसतं वाचूनही शिकता येतं.

स्कायपिक्सेल हे डीजेआयचं स्वतःचं ठिकाण. जगभरचं उत्तम काम तिथे पाहायला मिळतं आणि दरवर्षीची स्पर्धाही असते. नवशिक्याने तिथे बघायला जावं, बोलायला दुसरीकडे.

विकिमीडिया कॉमन्स: फोटो कामी लावायचा असेल तर

तुमचा उद्देश नोंद ठेवण्याचा असेल तर याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. विकिपीडियातले बहुतेक फोटो इथून येतात. आपल्याकडच्या लहान गढ्या, बारवा, जुने पूल, गावतळी यांचे वरून घेतलेले चांगले फोटो फार थोडे आहेत. तुमचा एक फोटो मराठी विकिपीडियावरच्या लेखात लागला तर शाळेतल्या प्रकल्पासाठी शोधणाऱ्या मुलापासून इतिहासाच्या अभ्यासकापर्यंत सगळ्यांच्या तो उपयोगी पडतो.

पद्धत सोपी आहे. खातं उघडा, अपलोड विझार्ड चालू करा, 'हे माझं स्वतःचं काम आहे' हे निवडा आणि परवाना ठरवा. बहुतेक जण क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय आणि समान वाटप असलेला परवाना निवडतात. याचा अर्थ नीट समजून घ्या: तुमचं नाव देऊन कुणीही तो फोटो वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा, आणि दिलेला परवाना परत घेता येत नाही. जे फोटो विकायचे असतील ते इथे टाकू नका. फाइलला 'डीजेआय ०१२३' असं नाव चालत नाही, 'बारव, अमुक गाव, अमुक तालुका, वरून' असं अर्थपूर्ण नाव लागतं. वर्णन मराठीत लिहिता येतं. अक्षांश-रेखांश इथे आवर्जून द्या.

इथे फोटोची पारखही होते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 'क्वालिटी इमेज' नावाच्या विभागात आपला फोटो निवडीसाठी ठेवता येतो. तो किमान दोन मेगापिक्सेलचा आणि कॉमन्सच्याच सभासदाने काढलेला हवा. तपासणारे स्वयंसेवक फोटो पूर्ण आकारात उघडतात आणि 'क्षितिज कललंय', 'कोपरे धूसर आहेत', 'सावलीत दाणे दिसतायत', 'शार्पनिंग जास्त झालंय' असं सरळ लिहितात. पहिल्यांदा वाचताना लागतं. पण इतक्या बारकाईने आणि फुकटात तुमचा फोटो दुसरं कुणी तपासणार नाही. दर सप्टेंबरात 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही वारसास्थळांच्या फोटोंची स्पर्धा भरते. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ती सुरू झाली आणि आज अनेक देशांत होते. भारताचा सहभाग त्या वर्षी आहे का ते ऑगस्टमध्ये बघून ठेवा.

गट पारखायचा कसा

सामील झाल्यावर दोन आठवडे काहीही टाकू नका. रोज दहा मिनिटं वाचा. साध्या फोटोखाली काय लिहिलं जातं? नुसत्या टाळ्यांच्या आणि आगीच्या खुणा, की एखादं वाक्य? नवशिक्याने बाळबोध प्रश्न विचारला तर उत्तर येतं की टिंगल होते? विमानतळाशेजारी किंवा लग्नाच्या वरातीवरून उडवलेला फोटो आला तर गटाचे चालक हटकतात का? दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकणाऱ्याला काढून टाकतात का? दर तिसरी पोस्ट बॅटरी विकण्याची आहे का?

या काळात तीन-चार जणांची नावं आपोआप लक्षात राहतील, ज्यांचं बोलणं नेमकं असतं. गट पुढे बदलतो, ओस पडतो, चालक बदलतात. ही माणसं मात्र धरून ठेवायची असतात. ती आणखी कुठे लिहितात ते बघा आणि तिकडेही जा. मला भेटलेले चांगले गट याच रस्त्याने भेटले, शोधाच्या चौकटीतून क्वचितच.

आणि आपला पहिला फोटो टाकण्याआधी दुसऱ्यांच्या पाच-सहा फोटोंवर नीट लिहा. तंत्र येत नसेल तरी चालेल. 'माझी नजर आधी त्या लाल होडीवर गेली, मग किनाऱ्याच्या रेषेवरून वर सरकली' एवढं लिहिलंत तरी काढणाऱ्याला ते हवं असतं.

पहिली पोस्ट

समजा, भातलावणीचा फोटो आहे. 'माझा नवा क्लिक, कसा वाटला?' असं लिहिलंत तर 'मस्त' याच्यापुढे काही येणार नाही. त्याऐवजी असं लिहून बघा:

'भातलावणी, भोर तालुका. जुलै, सकाळी साडेसात. उंची साधारण ४० मीटर, कॅमेरा सरळ खाली. आयएसओ १००, शटर १/२००. शेतमालकांना आणि लावणीवरच्या बायकांना विचारून उडवला, कुणाचा चेहरा ओळखू येत नाही. दोन गोष्टींवर मत हवंय. सगळ्या जणी वरच्या बाजूला एका ओळीत आल्यात आणि खालचा अर्धा फोटो नुसता चिखल आहे, तो कापू का? पाण्यातल्या ढगांचं प्रतिबिंब पांढरं फटक पडलंय, ते तिथेच टाळता आलं असतं का?'

याला उत्तरं येतात. कुणी सांगेल की एक्स्पोजर थोडं खाली ठेवून सावल्या नंतर उचलायच्या होत्या. आणि शेती माहीत असलेला एखादा लिहील: 'लावणी मागे मागे सरकत करतात. लावलेलं तोंडासमोर राहतं आणि रिकामा चिखल पाठीमागे. खालचा भाग कापलात तर काम कुठे चाललंय तेच कळणार नाही. उलट लावलेल्या हिरव्याची आणखी एक-दोन हात पट्टी वर दिसायला हवी होती.' कॅमेऱ्याच्या कुठल्याही पुस्तकात हे सापडायचं नाही.

माणसं फोटोत असतील तर त्यांना विचारलं होतं हे लिहाच. अंगण, गच्ची, नदीवरचा घाट, विहीर, इथे लोक वरून कुणी बघत नाही या विश्वासाने वावरत असतात. तिथला फोटो कितीही चांगला आला तरी विचारल्याशिवाय टाकायचा नाही.

ठिकाण सांगावं का, हा प्रश्न लवकरच येईल. प्रसिद्ध जागेचं नाव द्यायला हरकत नाही. पण एखादा अनोळखी धबधबा किंवा कुंड असेल तर तालुक्यापर्यंतच थांबा. देवकुंडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात गर्दी आणि अपघात वाढल्याने प्रशासनाला मनाई करावी लागलेली आहे. 'जागा सांगत नाही, कारण वाट धोक्याची आहे' असं मोकळेपणाने लिहिलं की शहाणी माणसं आग्रह धरत नाहीत.

सूचना आल्यावर

लगेच उत्तर देऊ नका, फोटो पुन्हा उघडून बघा. 'त्या दिवशी वारा होता', 'वेळ नव्हता' अशी कारणं देत बसलात की पुढच्या वेळी लोक गप्प राहतात. सूचना पटली तर फाइल परत संस्कारित करून त्याच धाग्यात खाली टाका. ज्याने सूचना केली त्याला आपलं म्हणणं कामी आलेलं दिसतं आणि तो तुमचा पुढचा फोटो शोधून वाचतो. नाही पटली तर तसं लिहा, कारणासह. चार जणांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर ज्याचे स्वतःचे फोटो तुम्हाला आवडतात त्याचं आधी ऐका.

चोरी आणि पैसे

फोटो चांगला असेल तर कुणीतरी तो उचलणार. पर्यटनाची पेजं आणि हॉटेलं श्रेय न देता वापरतात. कोपऱ्यातला वॉटरमार्क कापला जातो आणि मध्ये टाकलेला फोटो बिघडवतो, म्हणून ऑनलाइन टाकताना फाइल लहान ठेवणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. लांब बाजू दोन हजार पिक्सेल पुष्कळ झाली. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले हक्कदार तुम्हीच आणि हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. नोंदणीची गरज नसते. मूळ फाइल जपून ठेवा, तोच पुरावा. चोरी दिसली तर आधी सभ्यपणे श्रेय मागा आणि दाद दिली नाही तर त्या ठिकाणच्या कॉपीराइट तक्रारीच्या अर्जाने कळवा. गटात त्या माणसाच्या नावाने शिमगा करून फोटो हटत नाही.

गटातूनच कधीतरी विचारणा येईल: 'आमच्या फार्महाउसचे फोटो काढून द्या, पैसे देतो.' तिथे थांबा. ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर हौस आणि धंदा यांच्यातली कायद्याची रेषा इथेच ओलांडली जाते आणि तुम्हाला प्रमाणपत्र लागतं. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून ते घेतलेले लोक गटात असतात, काम त्यांच्याकडे वळवा आणि सोबत जाऊन बघा.

प्रत्यक्ष भेट

काही महिन्यांनी कुणीतरी लिहितं, 'रविवारी पहाटे अमुक माळावर जमतोय, या.' पहिल्यांदा जाताना आपला ड्रोन पेटीतच ठेवलात तरी चालेल. जाणता माणूस उडवण्याआधी काय काय करतो ते बघा: वारा कुठल्या बाजूचा, विजेच्या तारा कुठून जातात, ड्रोनची आपोआप परतण्याची उंची किती ठेवलीय, बॅटरी किती टक्क्यांवर परत बोलावतो. एकाच वेळी दोघांनी एकाच पट्ट्यात उडवायचं नसतं, पाळी ठरवतात. घार घिरट्या घालायला लागली की सगळे खाली उतरवतात. जमिनीचा मालक कोण, त्याला कुणी विचारलंय का, हे निघण्याआधी गटात विचारून घ्या. उत्तर 'बघू तिथे गेल्यावर' असं आलं, तर त्या रविवारी घरीच थांबा आणि पुढच्या भेटीची जागा सुचवून मालकाला विचारायचं काम स्वतःकडे घ्या.